उजळमाथ्याचा पांढरा कातळ

उजळमाथ्याचा कातळ दोन कोसांवरूनही पांढराशुभ्र दिसतो. पहिलीत जाणारं प्रत्येक पोर आषाढाआधी एकटं वर चढून त्यावर शाडूचा हात फिरवतं आणि आई खाली थांबते, ही गावाची रीत. त्या 'एकटं'ने केतकीच्या डोळ्याला रात्रभर डोळा लागला नव्हता. कठडा होता, माथ्यावर सासरे उभे होते, सगळं खरं. पण तिची लेक जुई घसरली तर? बालमानसशास्त्र शिकलेली बाई ती. 'मुलांना मोकळं सोडा' म्हणून इतर पालकांना व्याख्यानं द्यायची.

पायथ्याशी गावातले म्हातारे गेनूतात्या नव्या आयांना हकिकत सांगत होते.

महायुद्धाच्या काळात पलीकडच्या माळावर विमान चालवायला शिकवत. शिकणारी पोरं कुठकुठली, धड मिसरूडही न फुटलेली. आषाढात आभाळ काळं, कातळही काळा. डोंगर कुठे संपतो ते वरून कळेना. एका सकाळी विमान माथ्यावर आदळलं, दोघं गेले. महिन्याभरात दुसरं. देव कोपला म्हणून गावाने बोकड कबूल केला. तेव्हा चुन्याची भट्टी लावणारी सरजा लोणारीण म्हणाली म्हणे, देवाला रक्त नको, पोरांना डोंगर दिसायला हवा.

तिने होता नव्हता तेवढा चुना कालवला. पण शेवटचा कातळ अरुंद. तिथे मावेल एवढा लहानगा एकटा तिचा मुलगा. तीन लेकरं गेल्यावर जगलेला, म्हणून नाव भिका. बायांनी तिला अडवलं. सरजा एवढंच बोलली,

"माझं मी धरून ठेवलं, तर त्या विमानातल्या पोरांच्या आयांचं कोण राखील?"

भिका चढला, कातळ पांढरा करून उतरला. त्यानंतर तिथे एकही विमान पडलं नाही, असं सांगतात. शिकाऊ पोरं वरून जाताना पंख कलते करत. तो सरजेला रामराम असे, म्हणे.

"आणि भिका?" केतकीने विचारलं.

"माझा बाप तो. नव्वदीला घरच्या उंबऱ्याला अडखळला. डोंगरावरून कधी नाही पडला, सूनबाई."

आजही माथा पोरंच पांढरा करतात आणि आया खालच्या धोंड्याशी थांबतात. तात्यांनी जुईच्या हातात शाडूची लोटी दिली. केतकी धोंड्यापर्यंत गेली. मग आणखी दोन पावलं. पोरीचं मनगट तिच्या मुठीत तसंच.

"आई, हात सोड ना," जुई म्हणाली, "सांडतंय."