न मारलेली हाक

"पण मग मला हाक मारतं तरी कोण, बाबा?"

मांडीवरच्या सुपातला एक खडा हैदरबाबांनी नखाने उचलला, बाजूला टाकला आणि पुन्हा तांदूळ निवडायला लागले.

हर्डीकर सर ओट्यावर अवघडून बसले होते. सव्वीस वर्षं कॉलेजात पेशीविज्ञान शिकवलेला माणूस, आणि आज तळ्याकाठच्या तकियाच्या मठीत एका फकिरापुढे हात जोडून बसलेला! त्यांचं त्यांनाच कसंनुसं होत होतं.

"आवाज कुणाचा वाटतो?" बाबांनी विचारलं.

"मंदाचा. माझ्या बायकोचा. तिला जाऊन तीन वर्षं झाली."

"काय म्हनती?"

"अहो."

"आन् पुढं?"

"पुढे काही नाही. नुसतं अहो... भर दुपारी, तळ्याच्या बाजूने. रोज मी थोडा आणखी पुढे जातो. काल पाणी घोट्यापर्यंत आलं होतं."

सर हे हजेरी घेतल्यासारखं सांगून मोकळे झाले. मग एकाएकी त्यांना भीती वाटली, आणि भीती वाटली की ते शिकवायला लागत. जुनी खोड.

"मला वेड लागलेलं नाही, बाबा. रक्ताचा आजार आहे, आणि तो मला तोंडपाठ आहे."

"सांगा की मग. ऐकतो."

"तांबडी पेशी तयार होते हाडाच्या आत, मज्जेत. तिच्या अंगावर निरोप घेणारी जोडी असते. रिसेप्टर म्हणतात तिला. दोघांचं डोकं पेशीच्या बाहेर, पाय आत. प्राणवायू कमी पडला की किडनी एक निरोप सोडते. तो सायटोकाइन. तो येऊन दोघांना एकदम धरतो आणि जवळ ओढतो. त्यांच्या पायाशी आत एकेक पहारेकरी निजलेला असतो. जोडी जवळ आली की पहारेकरी एकमेकांना उठवतात, आणि निरोप पार पेशीच्या गाभ्यापर्यंत धावतो. जग. वाढ. एकाचे दोन हो."

"निरोप आलाच न्हाई तर?"

"कोवळी पेशी मरते. वाट बघत मरते."

बाबांचा हात सुपात थांबला.

"आन् तुमच्यात काय झालंय?"

"माझ्यात पहारेकरी बिघडलाय. निरोप नसतानाच उठतो. किडनी कधीच गप्प झाली आहे, रक्त दाट होऊन अंगात मावत नाही, तरी माझी मज्जा आपली 'आलो, आलो' करत उठतेच आहे." सरांनी आपल्या लालबुंद गालांवर हात फिरवला. "शेजारी म्हणतात, सर, काय तेज आलंय चेहऱ्यावर!"

"म्हंजे बिघाड कानात?"

"छे. रिसेप्टर ठणठणीत आहे. ऐकण्यात काही बिघाड नाही. बिघाड आहे उठणाऱ्यात."

"झ्याक शिकवता," बाबा म्हणाले.

सर सुखावले. मरणाच्या दारात बसलेला माणूसही शाबासकीला भुलतो.

"उपाय काय यावर?"

"दर पंधरवड्याला बाटलीभर रक्त काढून टाकायचं. मी बंद केलंय."

"का?"

सर सुपाकडे पाहत राहिले.

"रक्त काढलं की आवाज येत नाही..."

तळ्यावर वारा नव्हता. खुंटाला बांधलेली शेळी पाला चघळत होती.

"मंदाचा आजार माझ्या उलटा होता. तिची किडनी निरोपावर निरोप सोडत होती, आणि मज्जेत ऐकायला कोणी उरलंच नव्हतं. शेवटच्या दिवशी तिने खोलीतून हाक मारली. मी हॉस्पिटलच्या व्हरांड्यात बसून पेपर तपासत होतो. म्हटलं, आलोच, दोनच राहिलेत..."

"मग?"

"दोन पेपर तपासले."

त्यांना रडू आवरेना. तीन वर्षं कोणासमोर न रडलेला माणूस फकिराच्या ओट्यावर पोरासारखा रडला.

"डॉक्टरांनी बजावलंय, असंच चाललं तर रक्ताची गाठ होऊन मी जाईन. जाईन! नाहीतर त्या तळ्यात जाईन. माझी तक्रार नाही. तुम्ही एवढंच सांगा, की ती खरी आहे. हो म्हणा, बाबा. मग मला थांबायचं कारण उरत नाही."

बाबांनी आणखी एक खडा वेचून टाकला.

शेळीचं चघळणं थांबलं.

"अहो..."

पुढचं सरांना आठवत नाही. ओटा कधी सुटला, पायऱ्या कधी उतरल्या, काही आठवत नाही. भानावर आले तेव्हा पाणी कमरेला लागत होतं आणि एका पायातली चप्पल गेली होती. पाणी दुपारच्या मानाने फार गार होतं.

त्यांनी वळून पाहिलं.

बाबा होते तिथेच होते. सूप मांडीवर. पण निवडलेले तांदूळ ओट्यावर सांडले होते, आणि बाबांची नजर तळ्याच्या मधोमध लागली होती. हातावरचे पांढरे केस ताठ उभे होते.

"बाबा... तुम्हीही ऐकलंत?"

"ऐकलं."

"म्हणजे खरी आहे ती! सांगा ना, खरी आहे ना?"

तेवढ्यात पुन्हा तो आवाज आला. या वेळी सरांच्या अगदी पाठीशी. बाबांनी सुपाची कड दोन्ही हातांनी अशी आवळली की बांबू करकरला.

"हाक मलाबी आली, मास्तर," ते म्हणाले. "मी बसूनच हाय. उठला तुमी."