मांत्रिकाच्या गुहेतला रस्सा

एका राज्यात सलग तीन हिवाळे कोणाच्याही चुलीवर पाणी उकळले नाही. लाकडे जळत, ज्वाळा उठत, पण हंडीतले पाणी कोमट होई आणि कोमटच राही. मांस चिवट राही, दाणे कच्चे राहत. ज्यांना दात होते ते चावून गिळत. तान्ही मुले आणि म्हातारी माणसे थंडी पडली की एकेक करून जात.

हा शाप हिमकेतू मांत्रिकाचा. एका गारठलेल्या दुपारी तो राजवाड्याच्या मुदपाकखान्याशी आला आणि त्याने वाटीभर गरम रस्सा मागितला. मेजवानीआधी हंडीला कोणी हात लावायचा नाही, अशी राजा अर्कसेनाची आज्ञा होती. म्हणून जिवाई आचारिणीने "पुढे जा, बाबा" म्हणत दार लावून घेतले. बाहेरून शब्द आले, "मग या राज्यात कोणाचेच अन्न शिजणार नाही."

जिवाईचे दोन मुलगे पहिल्या दोन हिवाळ्यांत गेले. तिसऱ्यात धाकटी वेणू अंथरुणाला खिळली. तिच्या घशाखाली काही उतरेना. तेव्हा जिवाई नवऱ्याला म्हणाली, "दार मी लावले होते. मीच जाते."

हैबतीने विचारले, "पोर तोवर राहील?"

"म्हणूनच जाते."

घरचा म्हातारा बैल कापला. त्याचे मांस, हाडे, कांदे, गाजरे, जव, मिरी, मीठ आणि हंडी पाठीवर घेऊन ती बर्फाचा घाट चढली. गुहेत हिमकेतू बसला होता. त्याची बोटे निळी पडली होती.

"शाप माझ्याही चुलीला लागला," तो म्हणाला.

"मग मागे घ्या."

"ते तुझ्या हातांत आहे. दार लावणाऱ्या हातांनीच रस्सा करून मला वाढ. तीन दिवस लागतील. आच विझू द्यायची नाही. चव घ्यायची नाही. हंडी सोडून उठायचे नाही."

पहिल्या दिवशी वारा सुटला. जिवाई वाऱ्याकडे पाठ करून चुलीला भिंतीसारखी टेकून बसली. बर्फ उडून गुहेतली लाकडे भिजली; ती वाळेपर्यंत तिने हातातली काठी जाळली, मग पाठीवरची टोपली. दुसऱ्या दिवशी हंडीच्या तळातून पहिला बुडबुडा आला. मांस सुटू लागले, हाडांतला रस उतरला, जव फुगले. वास गुहाभर सुटला. रश्शाचा एक थेंब मनगटावर उडाला. तो तिने बर्फात पुसला.

तिसऱ्या दिवशी खालून एक साळुंकी आली. म्हणाली, "जिवाई, वेणू सकाळी गेली. हैबती तिला मांडीवर घेऊन बसला आहे."

"खोटे बोलतेस."

"आम्हां पक्ष्यांना खोटे बोलता येत नाही."

जिवाईचा पळीचा हात थांबला. तिने विचारले, "काही मागितले तिने?"

"गरम काहीतरी दे, म्हणाली."

हंडी लाथेने उलटावी, असे जिवाईला वाटले. आता कोणासाठी शिजवायचे? गुडघा जमिनीवरून उचललाही गेला. मग तिला शेजारच्या भागूचे तान्हे आठवले. दीड महिन्याचे होते. ती पुन्हा बसली आणि ढवळू लागली.

दिवस कलताना रस्सा दाट झाला. तिने वाटी भरून मांत्रिकापुढे ठेवली. तो प्यायला. त्याच्या बोटांचा निळा रंग उतरला.

"तुझी मुलगी मला परत आणता येत नाही," तो म्हणाला.

"ठाऊक आहे. वाटी संपवा."

त्याने वाटी संपवली, आणि त्या क्षणी राज्यातल्या हरेक चुलीवर पाणी उकळले.

जिवाई घाट उतरली. गावागावांतून वाफ वर जात होती. वाटेत राजा अर्कसेन अनवाणी उभा होता. "काय हवे ते माग," म्हणाला. ती न थांबता पुढे गेली.

वेणूला माती देऊन दोघे घरी आले. दुःखाच्या घरी चूल पेटवायची नाही, शेजाऱ्यांनी जेवण आणायचे, अशी त्या राज्याची रीत होती. तीन हिवाळे ती कोणालाच पाळता आली नव्हती. त्या दुपारी भागू बाळाला छातीशी बांधून हंडी घेऊन आली. तिच्यामागून आणखी सहा घरांच्या हंड्या आल्या.

जिवाई हात लावीना. हैबतीने घास केला आणि तिच्या तोंडाशी धरला. ती रडत होती. तिने तो गिळला. घास गरम होता.