साळुंकीने न लावलेला अर्थ

फार जुन्या काळी एका रानात कोळ्याने झाडाझाडांतून जाळं विणलं होतं. कुठे काही घडलं की धागा थरथरायचा आणि साळुंकी त्याचा अर्थ सगळ्यांना सांगायची: "ओढ्याला पाणी चढलंय", "आंबा पिकलाय."

एकदा टेकडीकडचा धागा निराळाच थरथरला.

"वारा असेल, सांगून टाक," ससा जांभई देत म्हणाला.

"कळलं नाही ते कळलं म्हणणार नाही," साळुंकीने ठणकावलं. "जसं आलंय तसं ऐका: जड, संथ, थांबून थांबून."

म्हातारं सांबर ताडकन उठलं. "पळा! मागे दरड कोसळली, तेव्हा जमीन अशीच हलली होती."

सगळे पळाले, आणि मागे टेकडी खाली आली.

"वारा म्हणाली असतीस तर?" सशाने धापा टाकत विचारलं.

"तर तू अजून बिळातच असतास."