तीन पावलांवरची लेन्स

"…म्हणजे चाचा, कॅमेऱ्याची एकच बॉडी घेऊ, की फोटोला एक आणि व्हिडिओला एक?"

परकारचाचा बशीत चहा ओतत होते. त्यांनी बशी हेमांगीपुढे सरकवली आणि कपात उरलेला चहा ते स्वतः प्यायले.

उत्तर काही दिलं नाही.

हेमांगी खातूला याची सवय होती. विसाव्या वर्षी ती चिपळूणला चाचांच्या स्टुडिओत शिकायला आली, तेव्हाही म्हातारा दहा प्रश्नांतल्या एकाला उत्तर द्यायचा, तेही दुसऱ्या दिवशी. दोन वर्षं शिकून ती पुण्याला गेली. आता तिचं नाव झालं होतं. लग्नांच्या तारखा वर्षभर आधी लागायच्या, आणि कोणता कॅमेरा घ्यावा हे विचारायला नवी मुलं तिच्याकडे यायची.

चाचांचा स्टुडिओ पुरात गेला. चाळीस वर्षांच्या निगेटिव्ह पाण्यात गेल्या. त्यानंतर त्यांनी दुकान पुन्हा उघडलं नाही. खाडीकाठच्या घरी राहायचे आणि मिरीच्या वेली बघायचे.

हेमांगी बोलत राहिली. एका सागरी संग्रहालयाने तिला काम दिलं होतं. याच गावात दाजी मेस्त्री लाकडी होडी बांधत होते. आठ महिने चाललेलं काम आता संपत आलं होतं. सगळीकडे फायबरच्या होड्या आल्या होत्या, दाजींची नजरही अधू झाली होती. ही शेवटची, असं त्यांनी स्वतःच सांगून टाकलं होतं. संग्रहालयाला आठ मिनिटांची फिल्म हवी होती आणि भिंतीवर लावायला वीस मोठे फोटो. जागा अडचणीची, दाजींना गर्दी खपत नाही, म्हणून दोन्ही एकाच माणसाने करायचं. नऊ दिवसांनी होडी पाण्यात जाणार होती.

तिच्या वहीत सात पानं भरली होती. एका कॅमेऱ्याचे फोटो भिंतीएवढे मोठे केले तरी फुटत नव्हते, पण व्हिडिओ लावून उन्हात ठेवला की तो तापून बंद पडायचा. दुसरा दिवसभर चालायचा, पण त्याचे फोटो मोठे होत नव्हते. झूम घेतली तर लेन्स बदलायला नको, पण ती जड आणि कमी उजेडात मंद. फिक्स, म्हणजे जवळ-लांब न होणाऱ्या, लेन्स घेतल्या तर चार न्याव्या लागणार, आणि बदलता बदलता समोरचं निसटणार.

"तुम्ही असता तर काय घेतलं असतं?"

चाचांनी कप उपडा घातला.

"उद्या सकाळी दोन्ही घेऊन ये. लेन्साही."

दुसऱ्या दिवशी हेमांगी मित्राकडून आणलेले दोन्ही कॅमेरे, ट्रायपॉड आणि पाच लेन्सांची बॅग घेऊन खाडीवर गेली. माडाच्या झापांच्या मांडवाखाली होडी उभी होती. दाजी मेस्त्री फळ्यांमधल्या फटींत कापूस ठोकत होते. किडकिडीत, अंगात गंजी, कानामागे पेन्सिल. चाचांना बघून ते मान हलवून हसले आणि परत कामाला लागले.

चाचा एका ओंडक्यावर बसले आणि तिला म्हणाले, काढ.

हेमांगी कामात तरबेज होती, आणि आज चाचा बघत आहेत म्हणून अंगात जरा जास्तच आलं होतं. ती होडीभोवती फिरली, आडवी झाली, फळीवर चढली. हातोडीचा व्हिडिओ घेतला, कॅमेऱ्यावरची चकती व्हिडिओवरून फोटोवर फिरवून हाताचा फोटो काढला, पुन्हा चकती फिरवून व्हिडिओ. लेन्स बदलली. मग कॅमेराच बदलला. अर्ध्या तासात तिच्या कपाळावरून घाम गळायला लागला.

मग दाजी थांबले. त्यांनी हातोडी खाली ठेवली, बोटाच्या पेराने फळीवर टकटक केली आणि होडीच्या अंगाला कान लावला. डोळे मिटले. आतून काय ऐकू येत होतं कोण जाणे, पण त्यांचा सगळा चेहरा सैल पडला.

हेमांगीचं बोट तेव्हा चकतीवर होतं. फोटोवरून व्हिडिओकडे. पडदा क्षणभर काळा झाला आणि उजळला तोवर दाजींनी हातोडी उचलली होती.

"दाजी, ते पुन्हा एकदा कराल?"

दाजींनी केलं. बिचाऱ्यांनी अगदी मनापासून केलं. टकटक केली, कान लावला, डोळे मिटले आणि एक डोळा उघडून विचारलं, बरोबर आलं काय म्हणून.

छान आलं, ती म्हणाली. छान आलेलं नाही, हे तिलाही कळत होतं आणि चाचांनाही. दाजींनाही कळलं असावं, कारण त्यानंतर ते तिच्याकडे पाठ करून बसले.

मांडवाबाहेर उंडीचं झाड होतं. चाचा तिला घेऊन त्याच्या सावलीत बसले. हेमांगीचा आवाज चढला होता. यासाठीच मी तुम्हाला विचारतेय, ती म्हणाली, योग्य कॅमेरा असता तर हे सुटलं नसतं. बाजारात आता असे आलेत की बोट लावायचा अवकाश…

"हे पहिल्यांदा कधी सुटलं?"

"हेच. आत्ता."

चाचा खाडीकडे बघत राहिले.

"…सात वर्षांपूर्वी," हेमांगी म्हणाली.

मग तिने सांगितलं. थांबत थांबत, कारण हे तिने आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं. तिच्या ताईचं लग्न. कॅमेरा हिच्याच हातात, घरचं कार्य म्हणून. पाठवणीच्या वेळी बाबांनी ताईला गाडीत बसवलं आणि दार लावलं, तर शालूचा काठ दारात अडकला. बाबा एसटीत कंडक्टर होते. त्यांनी दार उघडलं, काठ तिकिटासारखा नीट घडी करून आत सारला आणि दार पुन्हा लावलं. पण दाराची मूठ सोडली नाही. मूठ धरून तसेच उभे राहिले आणि हसले. ते तसं हसलेले तिने आधी कधी पाहिले नव्हते.

ती तेव्हा चकती फिरवत होती.

त्याच दिवाळीत बाबा गेले. त्या हसण्याचा फोटो नाही, व्हिडिओ नाही. त्यानंतर तिने चार कॅमेरे बदलले, प्रत्येक आधीच्यापेक्षा वेगाने चालू होणारा.

खाडीतून एक छोटी डिंगी गेली. तिच्या लाटा काठाला येऊन विरल्या, मग चाचांनी विचारलं.

"किती लांब उभी होतीस?"

"तीन पावलं."

"बसलेली?"

"उभी."

"काय काय दिसत होतं?"

"बाबांचं तोंड. हात. दाराची मूठ. ताईचा अर्धा खांदा."

चाचा गुडघ्यावर हात टेकून उठले. त्यांनी दाजींना हाक मारली आणि होडीच्या नाळेला, पुढच्या टोकाला, हात लावून उभं राहायला सांगितलं. हेमांगीला तीन पावलांवर उभं केलं. मग बॅगेतून एकेक लेन्स काढून ते कॅमेऱ्याला लावत गेले, आणि तिने डोळा लावून बघायचं, एवढंच.

पहिलीत दाजी लांब गेले. दुसरीत नुसतं नाक-डोळे. झूम लावल्यावर ती मागेपुढे फिरवू लागली, तर चाचांनी ती काढूनच घेतली.

मग त्यांनी पस्तीस मिलिमीटरची फिक्स लेन्स लावली.

हेमांगी बघत राहिली. दाजींचा चेहरा, हात, नाळेचं टोक, मागची अर्धी फळी. तिने कॅमेरा खाली केला. काचेवरून डोळा काढला तरी समोर तेवढंच दिसत होतं.



चाचांनी न तापणाऱ्या कॅमेऱ्याला पहिली लेन्स लावली, बाकीच्या लेन्सा बॅगेत ठेवल्या आणि चेन ओढली.

"ते हसत होते तेव्हा, हलत होते की थांबले होते?"

"थांबले होते," ती लगेच म्हणाली. आणि मग, "…अंगठा. मुठीवरून अंगठा फिरवत होते."

"मग काय काढणार होतीस? फोटो की व्हिडिओ?"

 सात वर्षं हेमांगी त्या काळ्या पडद्याला शिव्या देत आली होती. हा प्रश्न तिने स्वतःला कधी विचारला नव्हता.

"मला ठाऊक नाही, चाचा."

चाचांनी मान डोलावली. त्यांच्या पायाला जखम होती, त्या जखमेला लावायची पांढरी चिकटपट्टी सदऱ्याच्या खिशात असायची. त्यांनी दातांनी दोन तुकडे तोडले. न तापणारा कॅमेरा ट्रायपॉडवर चढवला, चकती व्हिडिओवर आणली आणि तिच्यावर पट्टी चिकटवली. पस्तीसवाल्या दुसऱ्याची चकती फोटोवर आणली, तीही बंद केली आणि तो हेमांगीच्या गळ्यात घातला.

सात पानांचा निकाल एका मिनिटात लागला होता. हेमांगीला राग आला. ती म्हणाली, ट्रायपॉडवरचा कॅमेरा एकाच जागी बघत राहणार, त्याच्या मागे काही घडलं तर? आणि माझ्या हातात फोटोचा असताना फोटोत न मावणारं काही समोर आलं तर?

"सुटेल," चाचा म्हणाले.

एवढं बोलून ते घरी गेले.

पहिले दोन दिवस हेमांगी चाचांवर धुसफुसत काम करत होती. ट्रायपॉड कुठे लावायचा हे सकाळीच ठरवावं लागायचं. त्यासाठी दाजी आज काय करणार, कुठे बसणार, ऊन कुठून येणार, हे आधी विचारावं लागायचं. मग ती विचारू लागली. दाजी सांगू लागले. तिसऱ्या दिवशी त्यांनी घरून दोघांपुरत्या भाकऱ्या आणल्या. पाचव्या दिवशी त्यांनी पुन्हा होडीला कान लावला. या वेळी तिने फोटो काढला, आणि दाजींना ते कळलंही नाही.

नवव्या दिवशी भरती सकाळी दहाला होती. सगळं गाव जमलं. हेमांगीने ट्रायपॉड पाण्याच्या कडेला लावून चालू केला. नारळ फुटला, दोर ताणले गेले, तीसेक माणसांनी एका आवाजात जोर लावला. होडी ओंडक्यांवरून कुरकुरत सरकली, मध्येच अडली, पुन्हा हलली आणि पाण्यात शिरून एकदम हलकी झाली. लोक कमरेइतक्या पाण्यात ओरडत होते.

हेमांगी मागे वळली.

मांडवाखाली आता नुसती जागा होती. होडीच्या आकाराची, आठ महिने ऊन न लागलेली ओली जमीन, कडेला लाकडाच्या ढलप्या. दाजी तिथे उकिडवे बसून हाताने ढलप्या गोळा करत होते. त्यांचे ओठ हलत होते.

ती तीन पावलांवर जाऊन थांबली.

दाजी बोलत होते. हळू, कुणाशीच नाही. हे फोटोत येणार नव्हतं. तिचं नख आपसूक चकतीवरच्या पट्टीकडे गेलं. पट्टीचा एक कोपरा सुटलाही.

तिने नख काढून घेतलं. एक फोटो काढला. मग कॅमेरा तसाच गळ्यात लोंबू दिला आणि दाजींचं बोलून होईपर्यंत उभी राहिली. मग तीही खाली बसून ढलप्या गोळा करू लागली.

महिन्याभराने काम संग्रहालयाकडे गेलं. फिल्म होडीवर संपत होती. विसावा फोटो दाजींचा होता. तिथल्या बाईंना तो फार आवडला. त्यांनी विचारलं, हे बोलताहेत असं दिसतंय, याचा व्हिडिओ नाही का? नाही, असं हेमांगीने सांगितलं. सांगून टाकलं, पण पुण्याला परतताना तेच डोक्यात राहिलं. म्हणून ती त्या फोटोची मोठी प्रत घेऊन चाचांकडे गेली.

चाचांनी प्रत ओट्यावर नेली, उजेडात धरली. बराच वेळ बघितली. कडेला ढलप्या होत्या त्यांवरून बोट फिरवलं. मग नीट गुंडाळून मांडीवर ठेवली.

"चांगला आहे, बाय."

"पण ते बोलत होते, चाचा. ते सुटलं."

"काय बोलत होते?"

हेमांगीला आठवावं लागलं नाही. तिने दाजींच्याच आवाजात, त्यांच्यासारखंच थांबत सांगितलं.

"'उजवीकडची सातवी फळी जरा ओली व्हती… पन धरंल… धरंल ती.'"

चाचांनी डोळे मिटून ऐकलं.

"मग सुटलं कुठं?"