चौचाकी चप्पल

चपलांनाही वाचा होती, तेव्हाची गोष्ट. एका कंपनीने जाहिरातीसाठी चक्क चपलेच्या आकाराची मोटार बनवली. भोंगा वाजवत ती भैरोबाच्या जत्रेत शिरली आणि थेट देवळाच्या पायरीशी येऊन थांबली.

धोंडू गुरवांनी हात आडवा केला. “चपला बाहेर!”

“अहो, मी मोटार आहे!”

“असशील. दिसतेस तर चप्पलच.”

नाइलाजाने ती चिंचेखाली, चपलांच्या ढिगाशेजारी जाऊन उभी राहिली. “इथं मला कुणी चोरलं म्हणजे?” तिने घाबरून विचारलं.

एका झिजलेल्या कोल्हापुरी चपलेने तिला न्याहाळलं. “तुझी जोडीदारीण कुठाय?”

“माझ्यासारखी दुसरी नाहीच मुळी!” ती तोऱ्यात म्हणाली.

“मग निवांत राहा, बाई. एकट्या चपलेला चोरसुद्धा हात लावत नाही.”