होणाऱ्या सासऱ्याचं कानयंत्र

कुठल्याशा गावात हैबती नावाचा एक भोळा कारागीर राहत होता. सांगितलेलं सगळं तो ऐके आणि ऐकलेलं तंतोतंत करी. हीच तर पंचाईत होती. रेठरेकरबाईंच्या कारखान्यात तो कमी ऐकू येणाऱ्यांची कानयंत्रं दुरुस्त करी. यंत्रात तिळाएवढी चिप असे. कोणता आवाज कानात सोडायचा, कोणता अडवायचा, ते चिप ठरवी. चिपला ते शिकवायचं काम हैबतीचं.

त्याचा जीव हौसावर जडला होता. तिचे वडील बंडाप्पा कानानं अधू. त्यांनी निरोप धाडला, "यंत्र दुरुस्त करायला येतोय. बाईंनी पोराला चांगलं म्हटलं, तर तिथंच लग्न ठरवू."

तेवढ्यात एक वाणी तक्रार घेऊन आला, यंत्रातून पंख्याची घरघर कानात शिरते म्हणून. बाई म्हणाल्या, "एकसारखा चालतो तो गोंगाट. तो अडवायचा."

"बरं," हैबती म्हणाला.

मग भजनीबुवांचं यंत्र आलं. पेटीचा सूर चांगला एकसारखा चालला होता, हैबतीनं तो अडवला. भजनात पेटी एकीकडे, बुवा दुसरीकडे. लोक हसून बेजार.

"अरे शहाण्या," बाई म्हणाल्या, "काय ऐकायचंय ते गिऱ्हाईकाला विचारावं, आणि ते सोडावं."

"बरं."

मग गवळी आला. "काय ऐकायचंय?"

"म्हस रेकली की कळाय पायजे."

हैबतीनं तेवढंच सोडलं. गवळ्याची बायको त्याला जेवायला हाका मारून दमली. शेवटी गोठ्यात जाऊन रेकली, तेव्हा तो आला.

बाईंनी कपाळाला हात लावला. "यंत्र देण्याआधी स्वतःच्या कानाला लावून बघत जा. तरी चूक राहिलीच, तर लपवू नकोस. गिऱ्हाईक उंबरा ओलांडायच्या आत दुरुस्त कर."

"बरं."

बंडाप्पा आले. हैबतीनं त्यांचं यंत्र आपल्या धडधाकट कानाला लावलं आणि त्याला कानठळ्या बसल्या. मामांना केवढा त्रास होत असेल, या विचारानं त्याला वाईट वाटलं. त्यानं आवाज आपल्याला सोसेल इतका खाली आणला आणि यंत्र त्यांच्या कानात बसवलं.

"पोरगा कसा हाय?" बंडाप्पांनी विचारलं.

बाईंच्या मनात साचलेलं सगळं बाहेर पडलं. "असला मूर्ख मी जन्मात पाहिला नाही. पोरगी द्याल तर पस्तावाल." पेटी झाली, म्हशी झाल्या.

बंडाप्पांचा चेहरा मात्र फुलत गेला. बाई हातवारे करून एवढं भरभरून बोलतायत, म्हणजे पोरगा हिराच असणार. "लई ब्येस. याच महिन्यात बार उडवू," म्हणत ते उठले.

हैबती आनंदानं हुरळला. मग त्याला उमगलं, मामांना काही ऐकूच आलेलं नाही. म्हणजे चूक राहिली.

तो धावला. उंबऱ्यावरच त्यांना गाठलं, यंत्राचा आवाज वाढवला, पुन्हा कानात घातलं आणि हाताला धरून त्यांना परत खुर्चीत बसवलं.

"हां बाई," तो म्हणाला, "आता सांगा पहिल्यापासून."