लोकर चाखलेल्या तलवारी

एका राज्यात राजा मेला, आणि चिता विझायच्या आत त्याचे दोन लेक सिंहासनासाठी एकमेकांवर उठले. साऱ्या भट्ट्या, सारे लोहार थोरल्याच्या मुलखात. धाकट्याकडे काय, तर मेंढ्या, धनगर आणि काठ्या! त्या काठीवाल्यांत, खिंडीच्या तोंडाशी, चंद्री लमाणिणीचा एकुलता एक लेक केरबा उभा होता. तिच्या जिवाला चैन कसली पडते?

बैलांचा तांडा घेऊन ती काळ्या डोंगरावरच्या मांत्रिकाकडे गेली.

"तलवारी द्या, महाराज."

"तीन खेपा कर. मोल मी मागेन ते."

पहिल्या खेपेला त्याने तिची झोप घेतली, दुसऱ्या खेपेला भूक, तिसऱ्या खेपेला बूड टेकण्याची ताकद. तिने सारे देऊन टाकले आणि तलवारी बैलांवर लादल्या. परतीच्या वाटेवर बैलाच्या शिंगावर एक साळुंकी येऊन बसली.

"बाई, ही पाती शापित आहेत. पहिल्यांदा जे चाखतील, त्याचीच त्यांना भूक लागेल. रक्त चाखलं, तर शत्रू संपल्यावर धन्याला खातील."

"आधी माझा लेक वाचू दे," चंद्री म्हणाली आणि तिने बैल हाकले.

तलवारी खिंडीत पोचल्या. नव्या पात्याने आधी मेंढी कातरायची, ही धनगरांची वाडवडिलांपासूनची रीत. चंद्री बैल बांधून येते तोवर सगळा कळप कातरून उघडा पडला होता.

"अरे मेल्यांनो, काय केलंत हे! आता ही पाती लोकरच मागणार, लढणार कशानं?"

एवढ्यात थोरल्याचे सैन्य खिंडीत शिरले. चंद्री केरबाकडे धावली. तलवारी आपणहून धनगरांच्या हातांतून सुटल्या आणि तुटून पडल्या त्या थेट केसांवर! दाढ्या, मिशा, शेंड्या, घोड्यांच्या आयाळी, सारे सफाचट. रक्ताचा थेंब नाही. भाले टाकून शिपाई डोकी झाकू लागले. थोरल्याचा मुकुट घरंगळला. त्याने तुळतुळीत डोक्यावरून हात फिरवला आणि तो मटकन खाली बसला.

"आबासाहेब गेले, पण त्यांच्यासाठी केस उतरवायचे राहूनच गेले होते रे."

धाकटा घोड्यावरून उतरला. "दादा, माझेही राहिलेत."

त्याने डोके पुढे केले. केरबाच्या तलवारीने तेवढे काम केले, आणि सगळी पाती साधे लोखंड झाली. धन्याचे केस खाऊन त्यांची भूक भागली, शाप सुटला. मांत्रिकाने घेतलेले सारे चंद्रीला परत मिळाले.

तेराव्या दिवशी थोरला गादीवर बसला आणि निम्म्या भट्ट्या धाकट्याच्या मुलखात गेल्या. पण ते मागाहून. त्या घडीला चंद्रीने लेकाच्या पाठीत एक धपाटा घातला, आणि मग त्याला पोटाशी धरून ती मोठ्याने रडली.